एअरगन शोमध्ये घासाघीस: किती, कधी आणि कशावरून?

कोलंबसचा_नेमबाज
ओहायोत फिंडलेच्या हॅनकॉक काउंटी फेअरग्राउंड्सवर जुन्या एअरगनचा (हवेच्या जोरावर छर्रा सोडणाऱ्या बंदुकांचा) शो भरतो, तिथे पहिल्यांदाच जायचा बेत आहे. हवंय ते ठरलेलं आहे: एक फाइनवर्कबाउ 124 (जर्मन स्प्रिंगची रायफल) आणि एक शेरिडन ब्लू स्ट्रीक (पंप मारायची अमेरिकन रायफल). खिशात रोख 600 डॉलर, त्यावर एक सेंट नाही. सोबत विकायला एक क्रॉसमन 1377 (पंपाचं पिस्तूल) नेतोय.
प्रश्न तीन. टेबलावरच्या किमतीपेक्षा किती कमी मागितलं तर समोरचा चिडत नाही? छर्रा झाडून बघता आला नाही तर बंदूक चालू आहे की मेलेली हे कसं ओळखायचं? आणि सकाळी लवकर जावं की दुपारी?

टेबलवाला
टेबलाच्या मागे बसणाऱ्यांच्या बाजूने लिहितो.
चिठ्ठीवरच्या किमतीत बहुतेक जण 10 ते 15 टक्के घासाघिशीसाठी धरूनच ठेवतात. 400 लिहिलेल्या नगाला 340 म्हटलंत तर बोलणं सुरू होतं. 200 म्हटलंत तर संपतं, आणि पुढे तुम्ही 350 दिले तरी त्याच्या मनातली अढी जात नाही. "फर्म" (किंमत पक्की) लिहिलं असेल तर विचारू नका, घ्या नाहीतर पुढे जा.
सगळ्यात वाईट सवय म्हणजे आधी "तुमची शेवटची किंमत सांगा" म्हणायचं आणि त्याने सांगितली की त्याच्याही खालचा आकडा पुढे करायचा. शेवटची विचारलीत ना? मग हो किंवा नाही, दोनच उत्तरं उरतात.

माशी_आणि_खाच
124 बद्दल आधी हे वाच, भाव नंतर.
या बंदुकीचं मूळ पिस्टन सील (पिस्टनच्या तोंडाशी हवा अडवणारा भाग) ज्या प्लास्टिकचं होतं ते वर्षांनुवर्षांत आपोआप भुगा होतं. बंदूक वापरली असो वा कपाटात ठेवलेली असो, फरक पडत नाही. त्यामुळे "एकदम नवी, कधी वापरलीच नाही" असा नग हमखास मेलेला समजायचा. उलट वापरून घासलेली, पण सील बदललेली 124 जास्त कामाची. खूण: नळी बिजागरीपाशी खाली वाकवून ब्रीचमध्ये, म्हणजे हवा जिथून येते त्या भोकात टॉर्च मार. तपकिरी, मेणचट कण दिसले की सील गेलं. नळीत पांढरी चिंधी फिरवून तेच कण निघतात का तेही बघ.
सील गेलं म्हणजे बंदूक गेली असं नाही. नवं सील आणि गरज पडली तर स्प्रिंग, असे सुटे भाग मिळून साधारण पन्नास-साठ डॉलर आणि एक दुपार. पण स्प्रिंग दाबलेली असते, ती उघडायला स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. तो नसेल तर कारागिराची मजुरी धर. हा सगळा खर्च किमतीतून वजा करून मागायचा, आणि विक्रेत्यालाही तो माहीत असतो.

पितळखोरा
शेरिडनचं उलट आहे. स्प्रिंग नाही, हात मारून हवा भरायची. ब्लू स्ट्रीकला कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 8 पंप.
तपासणी अशी. विक्रेत्याची परवानगी घे. आधी बोल्ट ओढून कॉक कर (म्हणजे हातोडी मागे अडकवून ठेव), मग पंप कर. हे उलट केलं तर हातोडी व्हॉल्व्हवर टेकलेली असते, आणि बरीच वर्षं पडून राहिलेला नग हवा धरत नाही असं उगाच वाटतं. 3 पंप मार, नळी सुरक्षित दिशेला ठेवून बाजूला ठेव, आसपासची दोन टेबलं बघून ये. दहा मिनिटांनी विक्रेत्याने दाखवलेल्या जागी चाप ओढ. ठसठशीत "ठप्प" आला तर व्हॉल्व्ह ठीक. "फुस्स" आला तर गळती.
दुसरी खूण: पूर्ण 8 पंप मारून एकदा सोडल्यावर पुन्हा कॉक करून चाप ओढला तर आत हवा उरता कामा नये. उरली असेल तर हातोडीची स्प्रिंग थकलीय किंवा कोणीतरी आत हात घातलाय.
पंपाच्या फेल्टवर दोन थेंब नॉन-डिटर्जंट तेल टाकलं की कधी कधी मेलेली बंदूक टेबलावरच उठून बसते. म्हणून भाव ठरायच्या आधी तेलाची बाटली खिशातून काढू नकोस. 😄

खडूस_खरेदीदार
@टेबलवाला, 15 टक्के हे तुमच्या सोयीचं गणित. शनिवारी दुपारी दोननंतर हेच टेबलवाले लांब चेहरे करून खोकी भरत असतात. चौदा बंदुका आणल्या, अकरा परत न्यायच्या, गाडी चारशे मैल. त्या वेळी 25 टक्के कमी सहज मिळतात. कोणीही चिडत नाही.

टेबलवाला
मिळतात, पण कशावर? सकाळपासून तीनशे माणसांनी उचलून खाली ठेवलेल्या मालावर. चांगली 124 दुपारपर्यंत टेबलावर राहतच नाही. खरे व्यवहार दारं उघडायच्या आधी, मांडणी चालू असताना, टेबलवाल्यांचे आपसात होतात. ज्याला एक ठराविक नग हवाय त्याने सकाळी जावं. ज्याला काहीही चाललं तर चालेल त्याने दुपारी.
आधी शिरायचं असेल तर स्वतःच एक टेबल घ्या किंवा ओळखीच्या माणसाच्या टेबलाचा अर्धा भाग वाटून घ्या. टेबलाचं भाडं आणि दरवाजाची फी यांतला फरक एका चांगल्या खरेदीत वसूल होतो.

काकूंचा_हिशोब
दोघंही बरोबर, पण घासाघीस टक्क्यांवर चालत नाही, जोडीवर चालते. एका नगावर 40 उतरवायला माणूस कुरकुरतो. पण "ही शेरिडन, हा छऱ्यांचा डबा आणि ती जुनी माहितीपुस्तिका मिळून 130 ला द्याल का?" असं म्हटलं की त्याला तीन वस्तू एकदम जाताना दिसतात. त्यातली पुस्तिका त्याच्या लेखी फुकटच असते.
नोटा 20 आणि 10 च्या न्या, 100 च्या नाही. 130 म्हणून दोन शंभराच्या पुढे केल्यात तर तो म्हणेल, "सुटे नाहीत, 140 करू या." आणि पैसे दोन खिशांत ठेवा. 600 ची गड्डी बाहेर काढून "माझ्याकडे एवढेच आहेत" म्हणणं जमत नाही.

निवांत_नेम
काकू, +1. मंडईत कोथिंबीर जुडीला जोडून घ्यायची सवय इथे कामाला येते म्हणायची.

जर्सीतला_जावई
न्यू जर्सीतल्या एडिसनहून चार जण मिळून फिंडलेला जायचं ठरवतोय. काही विशेष काळजी घ्यायची का?

माशी_आणि_खाच
जर्सीवाल्यांनी सगळ्यात जास्त घ्यायची. केंद्राच्या कायद्यात एअरगन ही फायरआर्म नाही, कारण 1968 च्या गन कंट्रोल ॲक्टची व्याख्या स्फोटकाच्या जोरावर चालणाऱ्या हत्यारांची आहे. पण न्यू जर्सीने स्वतःच्या कायद्यात हवेची आणि स्प्रिंगची बंदूकही फायरआर्ममध्ये घातलीय. म्हणजे एअर रायफलला फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड आणि एअर पिस्तुलाला हँडगनचा परवाना. ओहायोत रोख देऊन डिकीत टाकून परत येणं हा तिथे गुन्हा ठरू शकतो. निघण्यापूर्वी जर्सीतल्या परवानाधारक दुकानदाराशी बोला, व्यवहार त्याच्यामार्फत कसा होईल ते त्याच्याकडूनच समजून घ्या, आणि त्याची फी खरेदीच्या किमतीत धरा.
इलिनॉयमध्येही स्वतंत्र नियम आहे, तो छऱ्याचा व्यास .18 इंच आणि वेग 700 फूट प्रति सेकंद या दोन आकड्यांभोवती फिरतो. शिकागोकडच्यांनीही वाचून यावं.

सिंहगड_रोड
पुण्यात आणता येईल का एखादी? भाऊ डिसेंबरमध्ये येतोय, बॅगेत जागा आहे.

माशी_आणि_खाच
बॅगेतल्या जागेचा प्रश्न नाही हो. भारतात 20 ज्यूलपेक्षा जास्त जोर किंवा .177 इंचापेक्षा मोठं नळीचं भोक असेल तर एअरगनलाही शस्त्र परवाना लागतो. शेरिडन .20 ची, म्हणजे ती तिथेच बाद. .177 असली तरी आयातीचे नियम वेगळे असतात. कस्टम्सकडून लेखी उत्तर मिळाल्याशिवाय भावाला सांगू नका.
जोर काढायचं सूत्र देऊन ठेवतो, सगळ्यांनाच उपयोगी: छऱ्याचं वजन (ग्रेनमध्ये) गुणिले वेगाचा (फूट प्रति सेकंदमध्ये) वर्ग, भागिले 450240. उत्तर फूट-पाउंडमध्ये येतं, त्याला 1.356 ने गुणलं की ज्यूल. 7.9 ग्रेनचा छर्रा सेकंदाला 800 फूट वेगाने गेला तर 11.2 फूट-पाउंड, म्हणजे 15.2 ज्यूल.

सिंहगड_रोड
म्हणजे भावाने चॉकलेटंच आणावीत.

खडूस_खरेदीदार
धागा पुण्याला पोचला की परत येत नाही, तेव्हा मुद्द्यावर या.
घेताना दोष मोठ्याने मोजत जा. "इथे गंज, इथे ओरखडा, माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) मूळची नाही." प्रत्येक दोषाला दहा डॉलर उतरतात.

टेबलवाला
उतरत नाहीत, माणूस तोंड फिरवतो. ज्याचे त्याला दोष माहीत असतात. बरोबर पद्धत म्हणजे प्रश्न विचारायचा. "मागचं डायॉप्टर साइट (बारीक भोकातून नेम धरायचं) सोबत आहे का?" त्याने स्वतःच्या तोंडाने "नाही" म्हटलं की किंमत त्याच्याच मनात खाली येते. फाइनवर्कबाउ 300एस सारख्या मॅच (स्पर्धेच्या) रायफलला मागचं साइट नसेल तर ते सुटं शोधून आणायला शंभरावर डॉलर सहज जातात. हे एक वाक्य दहा ओरखड्यांपेक्षा जड आहे.

पितळखोरा
इथे मी टेबलवाल्यांच्या बाजूने. पण प्रश्न विचारायला काय बघायचं ते माहीत हवं, म्हणून थोडं सविस्तर.
नळी खाली वाकवून भरायच्या कुठल्याही बंदुकीत नळी पिव्हटपाशी (बिजागरीपाशी) वाकडी झालेली आहे का बघा. नळी उघडी असताना कोणी चाप ओढला की ती फटकन बंद होते आणि ब्रीचच्या थोडं पुढे वरच्या बाजूला वाकते. नळीच्या वरच्या कडेवरून एक डोळा मिटून पाहिलं की कळतं. त्याच वेळी लाकडाला मुठीपाशी किंवा खालच्या खाचेच्या टोकाला चीर पडते, तिथे नख फिरवा. मग नळी बंद करून आडवी हलवा. खडखड झाली तर पिव्हटचा बोल्ट सैल आहे किंवा बुशिंग गेलंय.
स्क्रूच्या खाचा हे बंदुकीचं आरोग्यपत्रक. खाचांचे ओठ फाटलेले असतील तर चुकीच्या पेचकसाने कोणीतरी आत शिरलेलं आहे.
परत निळं पॉलिश (पोलादावरचा निळा-काळा थर) केलेली बंदूक ओळखायची ती अक्षरांवरून. कंपनीचं नाव, नंबर यांच्या कडा गुळगुळीत, बुजलेल्या वाटल्या की धातू घासलाय. संग्राहक मूळ पॉलिश 60 टक्के उरलेल्या बंदुकीला, नव्याने चमकवलेल्या बंदुकीपेक्षा जास्त देतात. शेरिडन आणि बेंजामिन आतून पितळेच्या. काळा रंग उडून पितळ दिसतंय म्हणून ब्रासोने लख्ख घासलेल्या नगापासून लांब राहा, तो देव्हाऱ्यात शोभेल.

काकूंचा_हिशोब
@पितळखोरा, वय कसं ओळखायचं तेही सांगा ना. जुनं म्हणून जास्त मागतात.

पितळखोरा
पत्त्यांवरून. डेझीच्या बीबी गनवर प्लिमथ, मिशिगन असेल तर ती 1958 च्या आधीची, कारण त्या वर्षी कंपनी रॉजर्स, आर्कान्सॉला गेली. शेरिडनवर रसीन, विस्कॉन्सिन हे मूळ गाव असतं. बीमनने जर्मनीतून आणून विकलेल्या बंदुकांवर आधी सॅन ॲन्सेल्मो, मग सॅन राफेल, मग सँटा रोझा असे क्रमाने पत्ते येतात, आणि बऱ्याच 124 बीमनच्याच हातून इथे आल्या. डायना या जर्मन कंपनीच्या बंदुकांच्या ट्यूबवर मागे महिना आणि वर्षाचे अंकच ठोकलेले असतात, तिथे वाद संपतो.
जुनं म्हणजे महाग हे मात्र खरं नाही. शेरिडनची सुपरग्रेड 1947 ते 1953 या काळात जेमतेम 2,130 बनली, म्हणून ती महाग. ब्लू स्ट्रीक अनेक दशकं बनत राहिली, म्हणून 1950 च्या दशकातली ब्लू स्ट्रीकसुद्धा आवाक्यात मिळते. दुर्मीळपणाला पैसे द्या.

टाकी_भरली
पीसीपी, म्हणजे उच्च दाबाची हवा आधीच भरून ठेवायची बंदूक, घेणाऱ्यांसाठी एकच. शोमध्ये बंदुकीबरोबर हवा भरायची कार्बन फायबरची टाकी "फुकट" देतात. लेबलवरची तारीख वाचा. दर 5 वर्षांनी हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी) लागते आणि बहुतेकांचं आयुष्य 15 वर्षं. मुदत संपली असेल तर कोणतंही डाइव्ह शॉप (पाणबुड्यांच्या टाक्या भरणारं दुकान) ती भरणार नाही, म्हणजे टाकीची किंमत शून्य. आणि उच्च दाबाच्या हवेत साधं खनिज तेल कधीच नाही, फक्त सिलिकॉनचं. तेल पेट घेतं.

निवांत_नेम
CO2 वायूवर चालणाऱ्या बंदुकांचं काय? क्रॉसमन 600 वर बऱ्याच दिवसांपासून डोळा आहे.

टाकी_भरली
600 म्हणजे दहा छर्रे लागोपाठ सोडणारं .22 पिस्तूल, बनायचं 1960 ते 1970. त्यामुळे सगळी सीलं पन्नास वर्षांच्या पुढची. 12 ग्रॅमचं CO2 भरलेलं स्वतःचं काडतूस घेऊन जा, टोकाला एक थेंब तेल लाव, आणि "मी माझं काडतूस लावून बघू का?" विचार. हो म्हणाला आणि पाच मिनिटं फुसफुस ऐकू आली नाही तर पूर्ण पैसे मोजायला हरकत नाही. नाही म्हणाला तर गळतंय असं धरूनच भाव कर. मॅगझिनमधून छर्रा सरकवणारी यंत्रणा नाजूक असते, रिकामी असताना हाताने चालवून बघ.
आणि विमानाने गेलास तर भरलेली काडतुसं सामानात नको. तिथे जाऊन घे.

खडूस_खरेदीदार
आता एक काट्याचा प्रश्न. विक्रेत्याला कळतच नाहीये की टेबलाखालच्या खोक्यात सुपरग्रेड आहे आणि तो 100 मागतोय. सांगायचं का?

काकूंचा_हिशोब
त्याने मागितलेले 100 द्यायचे. घासाघीस करून 80 करायचे नाहीत. एवढी लाज पुरे.

टेबलवाला
टेबलवाला धंद्यातला असेल तर काकूंशी सहमत. पण टेबलामागे एखादी बाई नवऱ्याच्या पश्चात त्याचा संग्रह विकत असेल तर सांगायचं. या वर्तुळात सगळे सगळ्यांना ओळखतात, हिकरीच्या शोत झालेली गोष्ट फिंडलेला दुपारपर्यंत पोचते. पुढच्या शोत चांगला माल तुम्हाला आधी दाखवायचा की नाही, ते यावरूनच ठरतं.

खडूस_खरेदीदार
धंद्यातला कोण आणि नवखा कोण, हे कपाळावर लिहिलेलं नसतं. चिठ्ठी ज्याने लिहिली त्याची जबाबदारी. यावर आपलं जमायचं नाही.

कोलंबसचा_नेमबाज
भरपूर मिळालं, आभार. आता मूळ प्रश्नावर येतो. 600 ची वाटणी अशी धरलीय: 124 ला 380 पर्यंत, शेरिडनला 140, उरलेले 80 सील, स्प्रिंग आणि वरखर्चाला. सकाळी आधी 124, दुपारी शेरिडन. बरोबर?

माशी_आणि_खाच
क्रम बरोबर. 124 ला एक अट घाल: सील बदललेलं असेल तरच 380. मेलेली असेल तर 320 च्या वर जायचं नाही, आणि त्या 80 मध्ये कॉम्प्रेसरही बसवायचाय हे विसरू नकोस. सील कधी बदललं, कोणतं घातलं विचार. उत्तर देताना माणूस अडखळला तर बदललेलं नाही. विक्रेत्याला विचारल्याशिवाय कॉक करू नकोस, आणि छर्रा नसताना चाप ओढू नकोस. समोर छऱ्याचा अडसर नसला की हवेची उशी बनत नाही, पिस्टन थेट पुढच्या भिंतीवर आपटतो. कॉक केलीच तर नळी हाताने घट्ट धरून ठेव, चाप दाब आणि नळी हळूच परत सोड. हे येत नसेल तर विक्रेत्यालाच करायला सांग.

पितळखोरा
शेरिडनला 140 ठीक, पण बोल्टजवळची सेफ्टी बघ. जुन्या नगांत अंगठ्याने सतत दाबून धरायची सेफ्टी असते, नंतरच्यांत धरून ठेवावी न लागणारी. पहिली संग्राहकांना आवडते म्हणून तिचे जास्त मागतील. नुसतं डबे पाडायला हवी असेल तर दुसरी घे आणि तीस डॉलर वाचव.

टेबलवाला
1377 विकायचं आहे ना? हातात धरून गल्ल्यांत फिरणारेही विकतात, त्याला टेबल लागत नाही. फक्त चापाच्या कडीत सुतळीने मोठी चिठ्ठी बांध, दोन पावलांवरून वाचता येईल अशी: मॉडेल, चालू की बंद, किंमत. किंमत लिहिली नाहीस तर निम्मे लोक विचारतच नाहीत. ब्रीच मूळची प्लास्टिकची आहे की स्टीलची बसवलीय, तेही लिही. स्टीलची असेल तर घेणारे दुपटीने.

कोलंबसचा_नेमबाज
प्लास्टिकचीच आहे. हवा धरते, 10 पंपांनंतर सोडल्यावर आत काही उरत नाही. 60 लिहू का?

खडूस_खरेदीदार
60 लिही, 50 ला दे. मी 45 म्हणेन.

काकूंचा_हिशोब
65 लिहा. खडूस येणार आहेत.